सुईच्या अग्रावर

सुईच्या अग्रावर मावेल एवढी भूमीही देणार नाही, या दुर्योधनाच्या हट्टापायी अठरा अक्षौहिणी सैन्य रणावर पडले, ही कथा आपण सर्वांनी आजीच्या मांडीवर ऐकलेली आहे. तेवढ्याच अग्रावर एखाद्या आजारी माणसाची दोन घटकांची विश्रांती मावू शकते, हे मात्र आम्हांला वयाच्या बहात्तराव्या वर्षी कळले. ते कसे कळले, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

आरंभीच कबूल केलेले बरे की, सुईशी आमचे कधीच सख्य नव्हते. आम्ही इंदूरचे. पणजोबा होळकर सरकारच्या नोकरीत आले आणि रामबागेत स्थिरावले, तेव्हापासून आमची चौथी पिढी याच मातीत वाढली. बारशानंतर सोनाराने आमचे कान टोचले, तेव्हा आम्ही सारा वाडा डोक्यावर घेतला होता, असे आई सांगे. पुढे शाळेत देवीची लस टोचण्यासाठी माणसे येत, तेव्हा आम्ही माडीवरील गवऱ्यांच्या ढिगामागे दडून बसत असू. चाळीस वर्षे शाळेत इतिहास शिकविला, पानिपतापासून प्लासीपर्यंतच्या सर्व लढाया तोंडपाठ. पण रक्त तपासण्यासाठी कुणी बोट पुढे करावयास सांगितले की, आमची मान आपोआप भिंतीकडे वळे.

२०२२ सालच्या दिवाळीनंतर मात्र सुया आमच्या घरात येऊन राहिल्या. आमच्या सौ.च्या डाव्या स्तनात गाठ निघाली. तपासणी झाली, शंकेला जागा उरली नाही, शस्त्रक्रिया झाली, काखेतील ग्रंथीही काढाव्या लागल्या. त्यानंतर एकवीस-एकवीस दिवसांच्या अंतराने केमोथेरपीची सहा आवर्तने घ्यावयाची, असे ठरले. शस्त्रक्रियेला सौ. ज्या धीराने सामोरी गेली, तो पाहून आमचीच आम्हांला लाज वाटली. पण केमोच्या पहिल्या आवर्तनाने तिला खरोखर आडवे केले. उलटी थांबविणारी औषधे डॉक्टरांनी दिलेली होती, ती वेळच्या वेळी घेतली जात होती, आणि ती नसती तर काय झाले असते, याची कल्पनाही करवत नाही. तरीही दुसऱ्या दिवसापासून चार दिवस मळमळ पाठ सोडीना. फोडणीचा वास आला की तिच्या पोटात ढवळे. म्हणून आम्ही शेजारच्या वहिनींच्या स्वयंपाकघरात भात शिजवून आणू लागलो. ज्या बाईने सेहेचाळीस वर्षे हे घर हिंगाच्या वासावर तोलून धरले, तिला हिंगाच्या डबीकडे पाहवेना. दुसऱ्या आवर्तनानंतर तर ती भिंतीकडे तोंड करून एवढेच म्हणाली, “अहो, आणखी चार राहिली ना?” त्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते.

संकटाच्या वेळी माणसे धावून येतात, ही आपल्या समाजाची पुण्याईच म्हणावयाची. पण धावून येणारा प्रत्येक जण हातात काहीतरी घेऊन येतो. कुणी गव्हांकुराचा रस आणला, कुणी अंगारा, कुणी अमक्या जंगलातील मुळी. आमचे एक निकटचे आप्त मात्र याहून मोठे आश्वासन घेऊन आले. त्यांच्या परिचयाचे एक गृहस्थ सुया टोचून आणि लोहचुंबक लावून कोणताही कर्करोग मुळापासून बरा करीत. अट एवढीच की, केमो ताबडतोब बंद करावयाचे, कारण त्या ‘विषा’ने म्हणे शरीरातील सुयांचे मार्ग जळून जातात. आप्तांच्या हेतूविषयी आम्हांला तिळमात्र शंका नाही, सौ.वर त्यांची बहिणीसारखी माया आहे. आणि खरे सांगावयाचे तर त्या रात्री आमचेही मन डळमळले. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. पण काडी धरताना हातातली फळी सोडावी लागणार आहे, हे बुडत्याला कोण सांगणार?

योगायोग असा की, त्याच आठवड्यात रुग्णालयातील एका तरुण डॉक्टरांनी आपण होऊन सांगितले, “काका, मळमळीसाठी ॲक्युपंक्चर करून पाहा. औषधे चालूच ठेवायची, त्यांच्या जोडीला.” त्यांनी ज्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला, त्या रीतसर एम.बी.बी.एस. झालेल्या, आणि ही विद्या तरुणपणी कलकत्त्यास जाऊन शिकलेल्या. एकच विद्या दोन तोंडांनी आमच्या दाराशी आली होती. एक म्हणत होती, सर्व सोडून माझ्याकडे ये. दुसरी म्हणत होती, सर्व धरून माझ्याकडे ये. फरक एवढाच होता, पण आता मागे वळून पाहता सारे काही त्या फरकातच होते.

बाईंचा दवाखाना म्हणजे दोन खोल्या. आत शिरताच सौ. थबकली. भिंतीवर एका तरुण, सौम्य चेहऱ्याच्या माणसाचे छायाचित्र होते. ती चार पावले पुढे गेली, निरखून पाहिले आणि कित्येक दिवसांनी तिच्या आवाजात जीव आला. “अहो, हे तर आमच्या सोलापूरचे! डॉक्टर कोटणीस!”

सौ.चे माहेर सोलापूरचे. तिच्या लहानपणी त्या गावात हे नाव घराघरांत घेतले जाई, आणि शांतारामबापूंचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा १९४६ सालचा बोलपट तिच्या वडिलांनी किती वेळा पाहिला, याची गणती नव्हती. नव्या पिढीतील वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. जपानने चीनवर आक्रमण केले, तेव्हा चिनी सेनापती जू द यांच्या विनंतीवरून १९३८ मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक चीनला पाठविले. पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, आणि कलकत्त्याचे डॉ. मुखर्जी व डॉ. विजयकुमार बसू. पाचांत दोन मराठी माणसे होती, ही गोष्ट आपण विसरता कामा नये. इतर एकेक करून परतले, कोटणीस राहिले. डोंगराळ आघाडीवर जखमींवर शस्त्रक्रिया करीत राहिले, बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, क्वो छिंगलान या परिचारिकेशी विवाहबद्ध झाले. मुलगा झाला, त्याचे नाव ‘यिनहुआ’ ठेवले. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. त्यानंतर चारच महिन्यांत, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्याने वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्यांनी तेथेच देह ठेवला.

“पण कोटणीस तर शल्यवैद्य होते, सुयांशी त्यांचा काय संबंध?” आमच्यातील इतिहासशिक्षक जागा झाला. बाई हसल्या. संबंध त्यांचा नव्हे, त्यांच्या सोबत्याचा. डॉ. बसू १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, तेथे ॲक्युपंक्चर शिकले आणि १९५९ पासून कलकत्त्यात रुग्णांना ती चिकित्सा देऊ लागले. पुढे दिवंगत मित्राच्या नावाने स्थापन झालेल्या स्मारक समितीच्या द्वारे त्यांनी ती अनेकांना शिकविली. आपल्या देशात ही विद्या रुजली, ती या मार्गाने. पश्चिम बंगालने १९९६ मध्ये तिच्यासाठी कायदा केला, पुढे महाराष्ट्रानेही केला, आणि २०१९ मध्ये केंद्र सरकारने तिला स्वतंत्र चिकित्सापद्धती म्हणून मान्यता दिली. एका मित्राने चीनला देह दिला आणि दुसऱ्याने तेथून विद्या आणली. या हिशेबाची वजाबाकी कोणी करावी? सौ.ने मात्र तो आपल्यापुरता मिटविला. “माहेरचं माणूस भिंतीवर आहे,” ती म्हणाली, “आता भीती कसली?” आणि खाटेवर जाऊन पडली.

बाईंनी लगेच सुई हातात घेतली नाही. आधी रक्ताचे अहवाल मागितले. पांढऱ्या पेशी फार उतरल्या असतील किंवा प्लेटलेट कमी असतील, तर त्या सुई लावीत नसत. अशा वेळी जंतुसंसर्गाचे व रक्तस्रावाचे भय असते. डाव्या काखेतील ग्रंथी काढल्या आहेत, हे कळताच त्यांनी डावा हात वर्ज्य ठरविला. मग बंद पाकिटातून सुया काढल्या. पोलादाच्या, केसासारख्या बारीक, एकदाच वापरून टाकून द्यावयाच्या. इंजेक्शनची सुई पोकळ असते, ही भरीव. तिच्यातून औषध जात नाही. “मग जातं काय?” आम्ही विचारले. “काहीच नाही,” बाई म्हणाल्या, “जे आहे ते आतच असतं, असं जुने चिनी वैद्य मानीत.”

या जुन्या वैद्यांची कथा मोठी रंजक आहे. त्यांचा मूळ ग्रंथ ‘ह्वांगदी नेइजिंग’ सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सिद्ध झाला. आपल्याकडील ग्रंथांप्रमाणेच तो संवादरूप आहे. पीतसम्राट प्रश्न विचारतो आणि वैद्य उत्तरे देतो. शरीरात ‘ची’ नावाची प्राणशक्ती वाहते, असे त्यात सांगितले आहे. हे नाव ऐकून आमच्या मराठी कानांना प्रथम षष्ठीचा प्रत्ययच आठवला आणि कुणाची, कशाची, असे विचारावेसे वाटले. ही ची बारा मुख्य मार्गांनी वाहते, आणि त्या मार्गांना चीनमधील बारा नद्यांची उपमा दिली आहे. नदी तुंबली की शेत सुकते किंवा बुडते. ची अडली की दुखणे येते. सुईने बांध मोकळा करावयाचा. ग्रंथात नऊ प्रकारच्या सुया वर्णिल्या आहेत. पण विद्येचा उगम याहून धूसर आहे. १९७३ मध्ये चांगशा शहराजवळील मावांगदुई येथे इ. स. पूर्व १६८ मधील एक थडगे उघडले, त्यात रेशमावर लिहिलेले वैद्यकग्रंथ निघाले. त्यांत शरीरातील मार्ग आहेत, वनस्पती जाळून शेक देणे आहे, सुई मात्र नाही. म्हणजे आधी शेक आणि मागून सुई आली असावी, असे दिसते. त्या शेकाची वनस्पती आपल्या दवण्याच्या कुळातील. आमच्या आजीने पोटदुखीवर बिब्ब्याचा डाग दिलेला आम्हांला आठवतो. दुखण्यावर चटका ही कल्पना जगात अनेक ठिकाणी आपोआप सुचलेली दिसते. म्हणून सुश्रुताची १०७ मर्मे आणि चिन्यांचे बिंदू एकच, ही विद्या मूळ आमचीच, असे जे काही मंडळी अभिमानाने सांगतात, तेथे आम्ही जरा थांबतो. सुश्रुताने मर्मे सांगितली ती मुख्यतः शल्यवैद्याने कोठे इजा होऊ देऊ नये, यासाठी. चिनी वैद्याने बिंदू सांगितले ते कोठे टोचावे, यासाठी. दुसऱ्याचे दुसऱ्याला देण्यात आपले काही उणे होत नाही.

बाईंनी सांगितलेली एक गोष्ट आमच्या शिक्षकी मनाला विशेष भावली. सोंग राजवटीत, १०२७ च्या सुमारास, वांग वेइयी नावाच्या राजवैद्याने काशाचे दोन पुरुषभर पुतळे ओतविले. त्यांच्या अंगावर बिंदूंच्या जागी बारीक छिद्रे होती. परीक्षेच्या वेळी पुतळ्यावर मेणाचा थर द्यावयाचा, आत पाणी भरावयाचे आणि विद्यार्थ्याच्या हाती सुई द्यावयाची. जागा अचूक असेल तर सुई आत जाई आणि पाणी बाहेर येई. चुकली तर विद्यार्थी नापास. चाळीस वर्षे उत्तरपत्रिका तपासताना असे एखादे साधन आमच्या हाती असते, तर किती वाद वाचले असते!

आणि तरीही या विद्येचे दिवस सदैव चांगले नव्हते. १८२२ मध्ये चिनी सम्राटानेच राजवैद्यकशाळेतून तिला काढून टाकले. १९२९ मध्ये तेथील सरकारने सारे पारंपरिक वैद्यकच मोडीत काढण्याचा विचार केला होता. १९५० नंतर डॉक्टरांची उणीव भासली, तेव्हा तिला पुन्हा मानाचे पान मिळाले. पाश्चात्त्य जगात ती गाजली १९७१ च्या जुलैत. जेम्स रेस्टन हे अमेरिकन पत्रकार पेकिंगमध्ये असताना त्यांचे आंत्रपुच्छ काढावे लागले. नंतर पोट फुगून त्रास होऊ लागला, तेव्हा त्यांच्या उजव्या कोपरात आणि गुडघ्यांखाली सुया लावल्या गेल्या, पोटावर शेक दिला गेला आणि त्यांना आराम पडला. त्यांनी ते वर्तमानपत्रात लिहिले. शस्त्रक्रियाच सुयांच्या भुलीवर झाली, असे पुढे लोक सांगू लागले. ते खरे नाही. भूल नेहमीच्या औषधाचीच होती. गोष्ट एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना किती वाढते, याचे हे उत्तम उदाहरण.

असो. आता पुन्हा खाटेकडे येऊ. बाईंनी सौ.च्या उजव्या मनगटावर, हाताच्या तळव्याकडील बाजूस, मनगटाच्या वळीपासून तीन बोटे वर, दोन शिरांच्या मधोमध सुई लावली. तीन बोटे मोजावयाची ती रुग्णाची, वैद्याची नव्हेत, हे त्यांनी आवर्जून सांगितले; प्रत्येकाच्या शरीराचे माप ज्याच्या त्याच्या शरीरात असते. या बिंदूचे चिनी नाव ‘नेइग्वान’, म्हणजे आतली चौकी. दुसऱ्या सुया गुडघ्यांखाली. आम्ही सवयीने भिंतीकडे पाहत होतो. “दुखलं का गं?” विचारले. “मुंगी चावली नाही, मुंगी चालली,” सौ. म्हणाली. मग जरा वेळाने, “आता जड वाटतंय, आत काही ओढल्यासारखं.” बाईंनी मान डोलावली. चिनी वैद्य याला ‘ची आली’ म्हणतात. वीस मिनिटांत सौ.ला झोप लागली. पाच दिवसांत ती दिवसाची झोपली नव्हती. आम्ही स्टुलावर बसून कोटणिसांच्या छायाचित्राकडे पाहत राहिलो.

दुसऱ्या बैठकीनंतर आम्ही बाईंना बाजूला घेतले आणि हलक्या आवाजात ते विचारले, जे विचारण्यासाठी खरे तर आम्ही पुन्हा आलो होतो. सुयांनी जर इतका आराम पडतो, तर केमो थांबवून केवळ सुयांवर... वाक्य पुरे करवले नाही. बाईंचा चेहरा प्रथमच कठोर झाला. “भाऊसाहेब,” त्या म्हणाल्या, “सुई मळमळ कमी करते, दुखणं कमी करते, झोप आणते. सुई गाठ विरघळवीत नाही. विरघळवते असं जो म्हणेल, त्याच्या दारात उभे राहू नका. मी ही विद्या तीस वर्षं करते आहे, म्हणून सांगते. उद्या तुम्ही केमो थांबवलंत, तर मी वहिनींना सुई लावणार नाही.”

आम्हांला वाटत होते की, सौ. झोपली आहे. ती झोपलेली नव्हती. रिक्षात बसल्यावर म्हणाली, “मला विचारायचं होतंत ना. मला सोडायचं असतं तर मी पहिल्याच दिवशी सोडलं असतं. मला फक्त चार घास पोटात ठरायला हवेत. बाकीचं मी बघते.” आम्ही तिच्या मनाची दया करून तिच्या वतीने शरण जावयास निघालो होतो, आणि तिने शरणागतीचा विचारही केलेला नव्हता. त्या रात्री आप्तांना आम्ही फोन केला आणि त्यांच्या मायेबद्दल आभार मानून नकार कळविला. काही महिने त्यांनी अबोला धरला. तोही सोसला.

रोज दवाखान्यात जाणे शक्य नव्हते, म्हणून बाईंनी आम्हांला तो मनगटावरचा बिंदू अंगठ्याने दाबावयास शिकविले. दिवसातून चार-पाच वेळा, दोन-तीन मिनिटे, आणि मळमळ उठेल तेव्हा. पुढच्या आवर्तनापासून आम्ही ही सेवा मोठ्या निष्ठेने केली. सायंकाळी दिवा लावून झाला की, सौ. उजवा हात पुढे करी आणि आम्ही अंगठा रोवून घड्याळाकडे पाहत बसत असू. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात आम्ही तिचा हात इतका वेळ कधी हातात घेतला होता, हे आठवू लागलो, तर लग्नातील पाणिग्रहणापलीकडे फारसे काही आठवेना. आपल्या पिढीत ती रीतच नव्हती. त्या तीन मिनिटांत काही बोलणे होई. तिच्या आईचे दुखणे, जुन्या वाड्यातील पारिजातक, मुलाच्या जन्माच्या वेळी आम्ही गावाला गेलो होतो, ती तक्रार. सर्व थकबाकी या हप्त्यांत फेडली गेली. सौ. म्हणे, “बरं वाटतंय.” आम्हांला विजयी सेनापतीसारखे वाटे.

आठवड्याने बाईंनी विचारले, “कुठे दाबता, दाखवा पाहू.” आम्ही आत्मविश्वासाने दाखविले. बाई खो खो हसल्या. वर मोजण्याच्या नादात आम्ही स्वतःची तीन बोटे मोजीत होतो, आणि तीही वळीपासून नव्हे, बांगडीपासून. काशाच्या पुतळ्याच्या परीक्षेत आमच्यापुढे पाण्याचा थेंबही आला नसता. आम्ही ओशाळून सौ.ला म्हटले, “मग तू बरं वाटतंय म्हणत होतीस ते?” ती म्हणाली, “वाटतच होतं.”

या उत्तराने आम्ही विचारात पडलो, आणि शिक्षकी स्वभावानुसार वाचावयास बसलो. तेव्हा कळले की, मोठमोठे संशोधकही याच कोड्यापाशी थबकलेले आहेत. कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर जर्मनीत झालेला एक प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना खऱ्या बिंदूंवर सुया, काहींना बिंदू सोडून भलत्याच ठिकाणी वरवर सुया, आणि काहींना औषध-व्यायामाचे नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी पहिल्या गटात शेकडा ४७.६, दुसऱ्यात ४४.२ आणि तिसऱ्यात २७.४ जणांना गुण आला. म्हणजे सुयांनी औषधांवर मात केली. पण खऱ्या बिंदूंनी खोट्या बिंदूंवर मात केली, असे काही म्हणवेना. नंतर अनेक प्रयोगांतील हजारो रुग्णांचा हिशेब एकत्र मांडला गेला, तेव्हा जुनाट दुखण्यांत खऱ्या सुया खोट्यांपेक्षा सरस ठरल्या, पण थोड्याच. मळमळीच्या बाबतीत मात्र मनगटाच्या त्या बिंदूची बाजू बरीच भक्कम आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलाविलेल्या तज्ज्ञांनी १९९७ मध्येच शस्त्रक्रियेनंतरच्या व केमोच्या उलट्यांवर सुईचा उपयोग होतो, असा निर्वाळा दिला. सुईने शरीरात वेदनाशामक द्रव्ये स्रवतात, असे १९७० च्या दशकातील प्रयोगांत आढळले आहे. नद्या आणि बांध यांचा पुरावा मात्र शरीर उघडून कुणाला सापडलेला नाही.

मग सौ.ला गुण कशाने आला? औषधाने? सुईने? वीस मिनिटांच्या निवांतपणाने? भिंतीवरच्या माहेरच्या माणसाने? की बांगडीपासून मोजलेल्या चुकीच्या तीन बोटांवर रोवलेल्या आमच्या अंगठ्याने? थोडा थोडा सर्वांचाच वाटा असावा. याचा अर्थ सुई खोटी, असे आम्ही मानीत नाही. याचा अर्थ एवढाच की, आजारी माणसाला औषध लागते, तसे कुणीतरी त्याच्यासाठी बसून वेळ द्यावा, हेही लागते. आणि सुईच्या वैद्याला वीस मिनिटे बसावेच लागते. आमच्या मोठ्या रुग्णालयातील कामसू डॉक्टरांना रुग्णामागे पाच मिनिटेही मिळत नाहीत. दोष त्यांचा नव्हे, रांगेचा.

सौ.ची सहाही आवर्तने पुरी झाली. मळमळ पार गेली, असे नाही. पण चार दिवसांची दीड दिवसावर आली आणि चार घास ठरू लागले. तिला तेवढेच हवे होते. आता दर सहा महिन्यांनी तपासणी असते. अहवाल येईपर्यंतचे दोन दिवस आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. आतापर्यंत अहवाल चांगले आले आहेत. पुढचे परमेश्वराच्या हाती.

वाचकांना एवढेच सांगावेसे वाटते. अशी वेळ कुणावर न येवो. आली तर चालू उपचार सोडावयास सांगणाऱ्यापासून चार हात दूर राहावे, मग त्याच्या हातात सुई असो, मुळी असो वा अंगारा. जो आपल्या डॉक्टरांना कळवून, रक्ताचे अहवाल पाहून, नव्या पाकिटातील सुई उघडतो आणि आपल्या विद्येची सीमा आपणच सांगतो, त्याच्याकडे निःशंक जावे. छातीवर किंवा पाठीवर अजाण हाताने खोल टोचलेली सुई फुप्फुसापर्यंत पोहोचू शकते, हेही ध्यानात ठेवावे. ही विद्या साधी दिसते, म्हणून सोपी नाही.

आमची सुईची भीती गेली, असे मात्र समजू नये. मागील महिन्यात आमच्या गुडघ्यासाठी बाईंकडे जाण्याचा प्रस्ताव सौ.ने मांडला, तेव्हा आम्ही पुष्कळ सबबी सांगितल्या. अखेर गेलो. सुई लागत असताना आम्ही नेहमीप्रमाणे भिंतीकडे पाहिले. तेथे कोटणीस होते. शेजारी सौ. स्टुलावर बसली होती. तिने आमचा उजवा हात ओढून घेतला, मनगटाच्या वळीपासून आमचीच तीन बोटे नीट मोजली आणि अंगठा ठेवला. “अगं, मला मळमळत नाही,” आम्ही म्हणालो.

“माहीत आहे,” ती म्हणाली, “गप पडा.”